न छापलेली अट

गेल्या अंकात, वर्गणीच्या सूचनेखाली उरलेल्या जागेत, आम्ही चार ओळींची एक जाहिरात छापली होती. कडोदरा चार रस्त्यानजीकच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या दोघा नोकरदार तरुणांना तिसरा सोबती हवा होता. भाडे तिघांत वाटून घ्यावयाचे आणि स्वयंपाक पाळीपाळीने करावयाचा, असा बेत होता. अटी दोनच होत्या : सोबती मराठी असावा आणि शाकाहारी असावा. दोघेही आमच्या मासिक बैठकींना नियमाने येणारे, म्हणून जाहिरातीचे पैसे आम्ही घेतले नाहीत. मजकूर जुळवताना, मुद्रिते तपासताना आणि अंक पोस्टात टाकताना आमच्यापैकी कोणालाही त्यात काही खटकले नाही. त्या न खटकण्याचा जाब देण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

जाहिरात वाचून एक तरुण त्या खोलीवर गेला. तो मूळचा धुळे जिल्ह्यातला असून येथील एका डाइंग मिलमध्ये हिशेब लिहितो. त्याची दोन टिपणे याच पत्रिकेत येऊन गेली आहेत. त्याचे मराठी आमच्यापैकी पुष्कळांपेक्षा नीटस आहे आणि मांसाहार त्याने सोडला त्यास बरीच वर्षे झाली. म्हणजे दोन्ही अटी त्याने पुऱ्या केल्या होत्या. दोघांनी त्याला चहा दिला, खोली दाखवली, पाणी किती वाजता येते ते सांगितले. मग आडनाव विचारले. आडनावावरून उलगडा होईना तेव्हा गाव विचारले. गावात घर कोणत्या बाजूला, तेही विचारले. आणि अखेर घरी देव कोणते आहेत असा प्रश्न आला. घरी बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर आहे, असे त्याने सरळ सांगितले. दुसऱ्या दिवशी जागा भरल्याचा निरोप आला. तीन आठवड्यांनी त्याच जागेची तीच जाहिरात चालू अंकासाठी पुन्हा आमच्याकडे आली.

त्या तरुणाने आम्हांस एक छोटे पत्र लिहिले. जाहिरातीतल्या दोन्ही अटी आपण पुऱ्या करीत होतो, तिसरी बहुधा छापावयाची राहिली असावी. ती छापली असती तर आपले रिक्षाभाडे वाचले असते, एवढाच त्याचा आशय. पत्रात रागाचा एक शब्द नाही. तो असता तर आम्हांला उत्तर देणे सोपे गेले असते.

या प्रकाराला आणखी एक पार्श्वभूमी आहे. त्याच तिमाहीतल्या एका बैठकीत आम्ही निकोलस खारकोंगोर यांचा ‘अखुनी’ हा २०१९ सालचा चित्रपट दाखवला होता. ईशान्य भारतातून दिल्लीला आलेली काही तरुण मंडळी हुमायूंपूर या वस्तीत भाड्याने राहतात. मैत्रिणीच्या लग्नानिमित्त त्यांना अखुनी, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, घालून डुकराचे मांस शिजवावयाचे आहे. त्याचा वास उग्र असतो. घरमालकीण, शेजारी, गच्ची, गल्ली अशी ती चूल दिवसभर जागा शोधत फिरते. वरकरणी गोष्ट एवढीच. परंतु चित्रपटाचे मोल आम्हांला वाटते ते त्याच्या दुसऱ्या अंगात. अन्याय सोसणारी ही मंडळीही एकमेकांना मापून घेतात. त्यांच्यातली नेपाळी मुलगी इतरांइतकीच ईशान्येची आहे की नाही, ही कुरकुर त्यांच्या मैत्रीच्या आत आहे. पूर्वी मार खाल्लेला एक तरुण मदतीला धावणाऱ्या पंजाबी मुलाला ‘तुम्ही भारतीय’ म्हणून झिडकारतो, तेव्हा तो मुलगा गोंधळून विचारतो की मग तू कोण. बाहेरून आलेला तिरस्कार घरात शिरून सोबत्यांनाही कसा लागतो, हे त्यात दिसते.

चित्रपट संपल्यावर सभागृहात हळहळ होती. २०१४ साली दिल्लीत लाजपतनगरला मारहाण होऊन मृत्यू पावलेल्या निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याची आठवण कोणीतरी काढली. ज्येष्ठ सभासदांनी उत्तरेकडच्या लोकांच्या असंस्कृतपणावर कोरडे ओढले. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचे जाहिरातदार तरुणही होते. दिल्लीच्या घरमालकिणीस दोष देऊन आपण सर्वजण समाधानाने घरी गेलो आणि पुढच्याच महिन्यात ती जाहिरात छापली.

पत्र आल्यावर आम्ही ते बैठकीत वाचून दाखवले. त्यावर जे आक्षेप व खुलासे आले ते आम्ही मांडतो, कारण ते या बैठकीपुरते नाहीत. वाचकांपैकी अनेकांच्या मनातही तेच असतील.

पहिला खुलासा असा की चित्रपटातला प्रकार वंशभेदाचा. आपल्याकडचा तसा नव्हे. चेहरेपट्टी पाहून माणसाला हिणवणे वेगळे आणि आपल्या रीतीरिवाजांतला माणूस पसंत करणे वेगळे. हा युक्तिवाद नवा नाही. २००१ साली दरबान येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, असे म्हणून हा विषय तेथे येऊ नये अशी भूमिका भारत सरकारने घेतली होती. शास्त्र म्हणून ते विधान खोडून काढण्याची आम्हांला गरज वाटत नाही. जातीचा उगम वंशात शोधणारी उपपत्ती खुद्द डॉ. आंबेडकरांनीच नाकारली होती. परंतु त्यांनी ती नाकारली ती जातीला निर्दोष ठरवण्यासाठी नव्हे. उलट, ज्या भेदाला रक्ताचाही आधार नाही तो अधिकच निराधार ठरतो. चेहऱ्यावरून कळत नाही म्हणून आमच्या तरुणांना चार प्रश्न अधिक विचारावे लागले, एवढाच काय तो दिल्लीत आणि कडोदऱ्यात फरक. दारातून परतणाऱ्याला हा फरक सांगून काय उपयोग?

दुसरा खुलासा अन्नाचा. एका चुलीवर दोन तऱ्हा चालत नाहीत. शाकाहारी माणसाने शाकाहारी सोबती मागितला तर त्यात कोणाचा अपमान? तत्त्वतः हे मान्य करता येईल. ज्याला मांसाचा वास सहन होत नाही त्याने तसे सांगावे आणि समोरच्याने ते समजून घ्यावे. एकत्र राहणाऱ्यांत अशा तडजोडी रोज होतात. परंतु हा तरुण शाकाहारी होता. त्याच्या ताटात मांस नव्हते, तरी त्याच्या घरातल्या तसबिरीवरून निकाल लागला. ज्या अटीच्या कसोटीला उतरूनही माणूस नापास होतो, ती अट केवळ पडदा म्हणून लावलेली असते. ‘शाकाहारी’ हा शब्द आपल्या प्रांतात आणि मुंबईतही जागेच्या व्यवहारात किती वेळा या पडद्याचे काम करतो, हे दलालांना पक्के ठाऊक असते. आम्ही लिहिण्यावाचण्याचा व्यवसाय सांगणाऱ्यांनी तरी शब्दाचा हा दुरुपयोग ओळखावयास हवा होता.

शिवाय वासाविषयी बोलावयाचे तर खानदेशी माणसाने जपून बोलावे. सुरतेच्या सोसायट्यांत राहणाऱ्या आपल्यापैकी किती घरांत सुके बोंबील भाजताना खिडक्या लावून घेतल्या जातात? काळ्या मसाल्याचे मटण रविवारी करावे की शेजारी गावी गेल्यावर करावे, याचा विचार कोणी केलेला नाही? हुमायूंपूरच्या त्या भटक्या चुलीची गोष्ट आपल्याला परकी वाटली हेच नवल आहे.

तिसरा आक्षेप मालकीचा. घर ज्याचे, भाडे जो भरतो, त्याने कोणाबरोबर राहावे हे सांगणारे आपण कोण? हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो, कारण त्यात तथ्य आहे. एका खोलीत झोपावयाचे, एका न्हाणीघरात आंघोळ करावयाची, आजारपणात एकमेकांचे करावयाचे, तेथे माणूस निवडण्याचे स्वातंत्र्य कोणीही हिरावून घेऊ नये. कायदेही येथे बिचकतात. आपल्या संविधानाचा पंधरावा अनुच्छेद दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांचा नामनिर्देश करतो, खाजगी घराचा करत नाही. नागरी हक्क संरक्षणाचा १९५५ चा कायदा अस्पृश्यतेच्या कारणावरून निवासी जागेच्या बाबतीत आडकाठी करणे हा गुन्हा ठरवतो. पण कारण अस्पृश्यतेचेच होते हे सिद्ध करणार कोण, जेव्हा निरोप केवळ ‘जागा भरली’ एवढाच असतो? उलट २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. तेव्हा कायद्याचा बडगा दाखवून आम्ही त्या दोघा तरुणांना काही सांगू इच्छीत नाही.

तथापि परदेशातल्या कायद्यांनी याच ठिकाणी एक भेद केला आहे आणि तो आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेचा १९६८ चा निवासविषयक कायदा, मालक स्वतः जेथे राहतो अशा लहान घरात भाडेकरू निवडण्याची बरीच मोकळीक त्याला देतो. परंतु तोच मालक वंशाची किंवा धर्माची अट घालून जाहिरात मात्र छापू शकत नाही. ब्रिटनमध्ये काळ्या माणसांस जागा मिळणार नाही अशा पाट्या खिडक्यांत लागत. तेथील १९६८ च्या वंशसंबंध कायद्याने घरांच्या व्यवहारातला भेदभाव आणि असल्या जाहिराती या दोहोंना मनाई केली. यामागचा विचार स्पष्ट आहे. एकाने मनात बाळगलेली नावड ही त्याची असते. ती छापली की ती गावाची रीत होते. वाचणाऱ्या शंभर जणांना असे मागणे सभ्य असल्याचे कळते आणि नाकारल्या जाणाऱ्या माणसाला समजते की आपल्याविरुद्ध एक-दोन माणसे नाहीत, सगळा छापील समाज आहे. त्या दोघांची खोली त्यांची आहे. ही पत्रिका मात्र त्यांची खोली नव्हे. आमचा अपराध येथे आहे आणि तो पूर्णपणे आमचा आहे.

चौथा आक्षेप सर्वांत मोठ्या आवाजात आला. आपण येथे परप्रांतीय. आपल्यालाच कोणी जागा देत नाही. मग आपण आपल्या माणसाला धरून राहिलो तर चुकले काय? २०२३ साली मुंबईत मुलुंडला कार्यालयासाठी जागा पाहावयास गेलेल्या एका मराठी बाईंना, येथे मराठी माणसांना जागा देत नाही, असे सांगण्यात आले. त्यावर महाराष्ट्रभर संताप उसळला आणि आमच्या बैठकीतही उसळला. तो संताप रास्त होता. परंतु ज्या कारणाने तो रास्त होता ते कारण नीट तपासले पाहिजे. मराठी माणसाला नाकारले म्हणून तो रास्त असेल, तर ती केवळ आपल्या टोळीची तक्रार होय. तिच्यासाठी इतरांनी आपल्या बाजूने का उभे राहावे? माणसाला त्याच्या जन्मावरून नाकारले म्हणून तो रास्त असेल, तर तोच न्याय चार रस्त्याच्या खोलीलाही लागतो. मुलुंडला दुखावलेल्या मनाने कडोदऱ्यात तसबिरींची चौकशी करावी, हे दोन्ही एकाच तोंडाने होणार नाही.

आणि ‘आपला माणूस’ म्हणजे तरी कोण? हा तरुण धुळ्याचा, अहिराणी बोलणारा, आमच्याच पत्रिकेत लिहिणारा. याहून आपला माणूस कडोदऱ्यात कोठून आणावा? ‘मराठी’ म्हणून मागितले आणि मराठी मिळाल्यावर त्यातून पुन्हा चाळणी लावली. परप्रांतात भाषेच्या नावाने एकत्र येणाऱ्या संस्थांनी, आमच्या संस्थेनेही, हा प्रश्न स्वतःला विचारावा. आपण भाषेची सावली शोधत होतो की गावच्या वेशीआतली आळी येथे पुन्हा वसवत होतो?

कडोदऱ्यात हे घडावे याची आम्हांला अधिक लाज वाटते. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला येथे सुरतेकडून येणारा तो रस्ता छेदतो, जो बारडोली, व्यारा, नवापूर करत धुळे-जळगावकडे जातो. आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील त्याच रस्त्याने किंवा ताप्ती लाइनच्या गाडीने इकडे आले. हजिऱ्याला सुरू होणारा तो महामार्ग आता ओडिशातल्या पारादीपपर्यंत जातो. त्याच ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून सुरतेच्या यंत्रमागांवर आलेले मजूर मेसच्या खोल्यांत राहतात; दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच अंथरुणावर पाठ टेकतो. सोबती ही या भागाची गरज आहे, चैन नव्हे. आणि आपला-परका हा हिशेब कोठे जातो हेही येथे दिसले आहे. २०१८ साली हिंमतनगरकडच्या एका अमानुष गुन्ह्यानंतर गुजरातेत हिंदी भाषिक मजुरांवर हल्ले झाले आणि हजारो माणसे बिऱ्हाडे उचलून परतली. त्याआधी दहा वर्षांपूर्वी, २००८ साली, मुंबईत रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली होती, ती मराठीच्या नावाने. त्या वेळी आपल्यापैकी कोणी निषेधाचा ठराव केल्याचे आमच्या स्मरणात नाही.

शेवटी एक जुनी हकीकत. १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांच्यासोबत राहणारा तरुण होता नवल भथेना, धर्माने पारशी. ती मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करावयास निघालेल्या आंबेडकरांना पैसे उसने देणाऱ्यांत हे भथेना होते. आता दुसरे चित्र पाहावे. १९१७ साली आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात हिंदू खाणावळ त्यांना घेणार नव्हती, म्हणून पारशी नाव सांगून ते पारशांच्या सरायीत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांनी बजावले. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी विचारणा केली. दोघांनीही अडचण सांगितली. कमाटी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ती गाडी आपल्या सुरतेवरूनच गेली.

एकाच समाजातले हे दोन अनुभव. सरायीतल्या पारशांना तो माणूस ठाऊकच नव्हता. त्यांना ठाऊक होती ती त्याची जात. भथेनांना माणूस ठाऊक होता, कारण ते त्याच्याबरोबर राहिले होते. पूर्वग्रह व्याख्यानाने किंवा चित्रपटाने फारसा जात नाही, हे आमच्या बैठकीने सिद्धच केले. तो गेलाच तर एकाच छपराखाली, पाण्याच्या बादलीवरून आणि कांद्याच्या फोडणीवरून भांडत, हळूहळू जातो. म्हणून खोलीच्या दारातच माणूस अडवणारी जाहिरात आम्हांला विशेष घातक वाटते. जेथे हा रोग बरा होण्याची थोडी आशा असते, तेच दार ती बंद करते.

मित्रांच्या वाट्याला किंमतही येते, हे आम्ही विसरत नाही. २०१५ साली मुंबईत एका मुस्लिम तरुणीला ती मुस्लिम असल्यामुळे सामायिक भाड्याची जागा सोडावी लागली. तिची बाजू घेणाऱ्या हिंदू सोबतिणींनाही तेथून जावे लागल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्या मुलींजवळ कायदा नव्हता, संस्था नव्हती, पत्रिका नव्हती. आमच्याजवळ निदान ही काही पाने आहेत.

तेव्हा आम्ही ठरवले आहे ते असे. ती जाहिरात या अंकात नाही, पुढेही येणार नाही. जागेसंबंधीच्या जाहिरातीत जात, धर्म, भाषा वा प्रांत यांची अट असेल तर ती आम्ही छापणार नाही. आहाराची अट छापू. परंतु तिच्याआडून दुसरेच काही विचारले गेल्याचे कळले तर ती जाहिरात पुन्हा घेणार नाही. गेल्या अंकातल्या चार ओळींबद्दल आम्ही त्या तरुण लेखकाची जाहीर क्षमा मागतो. त्याचे तिसरे टिपण आमच्याकडे आलेले नाही. ते यावे अशी इच्छा आहे, पण मागण्याचा अधिकार तूर्त आमच्याकडे उरलेला नाही.

त्या दोघा तरुणांना आम्ही बैठकीतून वगळलेले नाही आणि वगळणारही नाही. ते नाठाळ नाहीत. आम्ही त्यांना जे वाचावयास दिले, जे छापून दाखवले, त्यातूनच ते शिकले. त्यांची जागा आजही रिकामी आहे, असे ऐकतो. धुळ्याच्या त्या तरुणाचा पत्ता त्यांच्याजवळ आहे. जाणे आता त्यांनी आहे.